ज्वालाची लाल वेणी

१

वेणी नाहीशी झाली तेव्हा मी शिडीवर होतो आणि माझ्या हातातून नुकताच एक भलामोठा फलक निसटला होता. या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या हा काही माझा दोष नाही. पण आमच्या घरात दोष कुणाचा हे आधी ठरतं आणि काय घडलं ते मागाहून कळतं.

माझी बायको सिनेमाचं संग्रहालय चालवते. एका जुन्या, बंद पडलेल्या स्टुडिओच्या इमारतीत. मी सुतार, त्यामुळे तिथल्या काचेच्या पेट्या, फलक, चौकटी सगळं माझ्या गळ्यात. या खेपेचं प्रदर्शन होतं लाल केसांच्या नट्यांचं. मूकपटातल्या लाल केसांच्या नट्या, ज्यांचे केस लाल आहेत हे प्रेक्षकांना फक्त जाहिराती वाचून कळायचं, कारण पडद्यावर सगळं काळं-पांढरं. मग रंगीत फिल्म आली, तिला लाल रंग फार मानवला आणि प्रत्येक स्टुडिओ आपली एक लाल केसांची नटी शोधत सुटला. ज्यांना मिळाली नाही त्यांनी बनवली. बायको हे सगळं जेवताना सांगायची. मला आता झोपेतही पाठ आहे.

आमच्या स्टुडिओची लाल नटी म्हणजे ज्वाला. हे तिचं जाहिरातीतलं नाव, पण पुढे घरचेही तेच म्हणू लागले. तिच्या पहिल्या रंगीत चित्रपटाच्या शेवटी नायिका स्वतःची कमरेइतकी वेणी कापून फेकते. ते दृश्य बघून लोक थिएटरात उभे राहत. ती खरीखुरी वेणी ज्वालाबाईंनी जन्मभर पेटीत जपून ठेवली होती. त्यांच्या भाचीनं गळ घातली, म्हणून ती आमच्याकडे आली. संध्याकाळी उद्घाटन होतं आणि नव्वदीला टेकलेल्या ज्वालाबाई स्वतः यायच्या होत्या.

फलक पडला, धुळीचा लोट उठला, सगळे धावत मोठ्या दालनात आले. मी शिव्या खाल्ल्या. सगळे परत गेले. आणि आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला. तो आवाज मी लग्नानंतर एकदाच ऐकलाय, घरात साप निघाला होता तेव्हा.

टेबलावर पांढरं कापड होतं. त्यावर कंगवा होता. वेणी नव्हती.

२

नशिबानं सासूबाई लवकर आल्या होत्या. नशिबानं हा शब्द मी सासूबाईंच्या बाबतीत सहसा वापरत नाही, म्हणून नोंद घ्यावी.

सासूबाईंनी सगळी नोकरी पोलीसखात्यात फोटोग्राफर म्हणून काढली. गुन्हा झाला की त्या जागेचे फोटो काढायचे, धुवायचे आणि साहेबांना दाखवायचे. साहेबांना जे दिसायचं नाही ते बोट ठेवून दाखवायचं, हे काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. निवृत्त झाल्यापासून त्यांचं बोट बहुतेक माझ्याकडे असतं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "शिडीवरून उतरा आणि बाहेरचं दार लावून घ्या. कुणाला आत-बाहेर करू देऊ नका. आणि तोंड असं करू नका, वेणीच गेलीय, माणूस नाही."

माणूस नाही हे खरं, पण बायको रडकुंडीला आली होती. पेटीची किल्ली तिची, सही तिची, जबाबदारी तिची. त्यात भर भिंगवाल्यांची. भिंगवाले हे संग्रहालयाचे एक विश्वस्त आणि जुन्या वस्तूंचे संग्राहक. खिशात कायम भिंग आणि मनात कायम संशय. वेणी खोटी आहे असं त्यांनी महिनाभर ज्याला-त्याला ऐकवलं होतं. शेवटी वैतागून बायकोनं कबूल केलं की उद्घाटनालाच सगळ्यांसमोर वेणीतले चार केस काढायचे, ज्वालाबाईंच्या कंगव्यातले चार घ्यायचे आणि दोन्ही प्रयोगशाळेत पाठवायचे. एका डोक्याचे आहेत का, ते तिथे कळेल. भाचीनं मावशीच्या वतीनं होकार दिला होता. मावशीला विचारायची गरजच काय, असं तिचं म्हणणं.

आता वेणीच नाही म्हटल्यावर भिंगवाले चेहरा गंभीर ठेवून आतून खूश होते. तपासणी टाळायला वेणी गायब केली, असं ते म्हणालेच, आणि म्हणताना माझ्या बायकोकडे पाहिलं. मी हातोडी खाली ठेवली. मुद्दाम लांब ठेवली.

सासूबाईंनी एकेकाला बोलावलं. बसायला लावलं, पाणी विचारलं आणि मग त्या गप्प राहिल्या. त्यांच्यासमोर गप्प राहणं कुणालाच जमत नाही.

टोपवाले आधी. नटनट्यांचे टोप करणाऱ्यांच्या घराण्यातले, यांचे वडील याच स्टुडिओत कामाला होते. वेणी विंचरायला म्हणून पेटी उघडून त्यांच्याच हवाली केली होती. फलक पडल्याचा आवाज आला, तसे ते वेणी कापडावर ठेवून धावले. बिचारे कानाला हात लावत होते. वेणी कशी होती, एवढंच सासूबाईंनी विचारलं. तसा त्यांचा चेहरा उजळला. अशी वस्तू त्यांच्या हाताखालून कधी गेली नव्हती. रंगवलेला केस कुठे ना कुठे चुगली करतो, हा मुळापासून टोकापर्यंत एकसारखा, जन्माचा लाल. भिंगवाल्यांचं भिंग फुटलं तरी वेणी खरीच राहील, असंही ते म्हणाले.

भिंगवाले फलक पडला तेव्हा मागच्या दालनात मूकपटातल्या नट्या बघत होते. एकटेच. भाची वरच्या मजल्यावर फुलं लावत होती. तीही एकटीच. तिच्या बोलण्यातून मात्र एक गोष्ट निघाली. तपासणीचं ठरलंय हे तिनं काल मावशीला सांगितलं. तेव्हा मावशीनं विचारलं, तिकीटखिडकीवर अजून तीच बसते का गं?

"आणि तू काय म्हणालीस?" सासूबाईंनी विचारलं.

"हो म्हटलं. मावशी हसली आणि झोपली. तिकीटआजींची ओळख असेल जुनी."

सासूबाईंनी मान डोलावली. मला त्या मानेची सवय आहे. ती डोलली की माझ्या मागे काम लागतं.

३

काम म्हणजे झडती. इमारतीला बाहेर जायला एकच दार, ते तिकीटखिडकीसमोर. खिडकीत तिकीटआजी. स्टुडिओ चालू होता तेव्हापासून त्या या खिडकीत आहेत. मालक गेले, स्टुडिओ गेला, संग्रहालय आलं, आजी जागच्या हलल्या नाहीत. त्यांना फुकट्या माणूस वासानं कळतो. एकदा माझ्याकडूनही त्यांनी तिकिटाचे पैसे घेतले होते, मी आत काचा बसवायला चाललो होतो तरी.

"माझ्यासमोरून वेणी घेऊन कुणीही बाहेर गेलेलं नाही," आजींनी ठासून सांगितलं. यावर अविश्वास दाखवायची कुणाची छाती नव्हती. म्हणजे वेणी आतच होती.

आम्ही पिशव्या पाहिल्या, टोपवाल्यांच्या पेट्या पाहिल्या. त्यात एक लाल टोप सापडला तेव्हा भिंगवाल्यांनी टाळी वाजवली, पण तो टोप आखूड, वर वाळक्या गवतासारखा. फुलांच्या कुंड्या पाहिल्या. भिंगवाल्यांचा कोट त्यांनी स्वतःच उतरवून दिला, वर आम्हाला अस्तरही दाखवलं. मी शिडी लावून पंख्यांवर बघून आलो. धुळीशिवाय काही नव्हतं. आजींनी स्वतःची पिशवी उलटी करून दाखवली: चष्म्याचं घर, विणकाम, आलेपाकाच्या वड्या. त्यातली एक वडी त्यांनी मला दिली.

दमून आम्ही खिडकीपाशी टेकलो. उकाडा होता. आजींनी चहा केला. स्वतःचा कप त्यांनी नेहमीसारखा मांडीवर ठेवला आणि त्यावर बशी उपडी झाकली. चहा गार झालेला त्यांना चालत नाही आणि गरम त्यांना पिववत नाही, म्हणून मधे हा बशीचा कारभार. सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"उकडत नाही का हो आजी, डोक्याला रुमाल?" त्यांनी सहज विचारलं.

"धूळ किती उडवली तुमच्या जावयानं. केस खराब होतात." आजी म्हणाल्या आणि त्यांनी रुमालाची गाठ घट्ट केली.

धूळ केव्हाच बसली होती. पण जावयाचं नाव निघाल्यावर सासूबाई पुढचं ऐकत नाहीत असा माझा समज होता. मी आपला गुपचूप चहा प्यालो.

घड्याळ पुढे सरकत होतं. बाहेर खुर्च्या मांडायचा आवाज येऊ लागला. बायको येऊन म्हणाली की ती ज्वालाबाईंना फोन करून सगळं सांगणार आणि कार्यक्रम रद्द करणार. उद्या राजीनामा. सासूबाईंनी तिचा हात धरला.

"थांब. मला तो पायऱ्यांवरचा फोटो दाखव आधी."

४

पायऱ्यांवरचा फोटो म्हणजे प्रदर्शनातली बायकोची आवडती वस्तू. त्या रंगीत चित्रपटाच्या वेळी स्टुडिओच्या फोटोग्राफरनं काढलेला, काळा-पांढरा. दोन मुली पायरीवर बसून चहा पिताहेत. डावीकडे ज्वाला, तोंडाला रंग नाही, डोक्यावर भूमिकेचा टोप नाही, केस मोकळे. फोटोत ते फिकट राखाडी दिसतात. उजवीकडे एक मुलगी, हसताना तोंड वळवलेलं, अर्धा चेहरा केसांनी झाकलेला. तिचे केस काळेभोर. खाली बायकोनं लिहिलेली आणि मी चिकटवलेली ओळ: 'टोपाशिवाय, आपल्या मूळच्या लाल केसांत ज्वाला (डावीकडे). सोबत एक सहकारी.'

"लाल केस राखाडी दिसतात हे तुला कुणी सांगितलं?" सासूबाईंनी लेकीला विचारलं.

बायको गोंधळली. काळा रंग काळा दिसतो, म्हणजे जे काळं नाही ते लाल, असा तिचा हिशेब. ज्वालाचे केस लाल, हे तर सगळ्या जगाला माहीत. भिंगवाल्यांनीही भिंग लावून तो फोटो महिनाभर पाहिला होता, त्यांनाही काही खटकलं नव्हतं. मला तर नाहीच.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, या भिंतीवर फोटोत काय टांगलंय?"

मी वाकून पाहिलं. मुलींच्या मागे भिंतीवर एक बादली होती. वाळूची, आग विझवायची. तीच भिंत, तोच खिळा आणि तीच बादली आजही दाराशी आहे. मी मागच्याच आठवड्यात ती खरवडून रंगवली होती.

"आगीची बादली," मी म्हणालो.

"कुठल्या रंगाची?"

"लाल. खरवडताना रंगाचे थरच्या थर निघाले. लालखाली लाल, पत्र्यापर्यंत."

"आणि फोटोत?"

फोटोत बादली काळीकुट्ट होती.

भिंगवाल्यांनी भिंग काढलं आणि परत ठेवलं. सासूबाईंनी शांतपणे सांगितलं. फोटोच्या जुन्या स्वस्त काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे. म्हणून तर त्या लाल दिव्याखाली धुता यायच्या. लाल फूल, लाल बादली, लाल केस, सगळं फोटोत काळं उतरायचं. खात्यात नवीन असताना त्यांनीही अशा प्लेटा वापरल्या होत्या आणि एका लाल मोटारीला काळी म्हणून साहेबांची बोलणी खाल्ली होती.

"या प्लेटला काळे केस आणि लाल केस यांतला फरक कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण लाल केस फिकट दिसणार नाहीत, एवढं नक्की. ज्या मुलीचे केस फिकट आहेत, तिचे काही असतील, भुरे असतील, पण लाल नव्हेत."

टोपवाले पुटपुटले की वेणी तर जन्माची लाल होती. सासूबाई म्हणाल्या, अगदी बरोबर. त्यांचं बोट फोटोवर होतं. उजवीकडच्या मुलीच्या मांडीवर कप होता आणि कपावर बशी उपडी झाकलेली होती.

ते बोट एकट्या माझ्याच बाजूनं दिसत होतं. मी तोंड उघडलं. सासूबाईंनी माझ्या पायावर पाय दिला.

५

बाकीच्यांना त्यांनी खुर्च्या मोजायला पिटाळलं आणि मला घेऊन खिडकीमागच्या खोलीत गेल्या. आजी विणत बसल्या होत्या. खोलीचं मागचं दार आतल्या खोलीकडेच उघडतं. मी ते दार स्वतः बसवलं होतं आणि सकाळपासून मला ते आठवलं नव्हतं.

"वेणी विंचरायला टोपवाल्यांनी बाहेर काढली," सासूबाई म्हणाल्या. "फलक पडला, सगळे धावले. तुम्ही सर्वांत शेवटी आलात, रुमाल बांधून. मी मोठ्या दालनातच उभी होते, पाहिलं होतं. धुळीचं कारण चांगलं होतं. पण धूळ बसली तरी रुमाल उतरला नाही आणि सकाळपेक्षा डोकं जरा उंच झालंय. सगळ्यांची झडती झाली, फक्त एक जागा राहिली. जिथून ती वेणी निघाली, तीच."

आजींच्या सुया थांबल्या. "मी काही बोललेले नाही हं."

"तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी बोलतेय."

"मग ठीक आहे," आजी म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा विणायला सुरुवात केली. मात्र टाके चुकत होते, ते मलासुद्धा दिसलं.

मग सासूबाईच बोलत राहिल्या. चेहरा एकीचा, केस दुसरीचे. पाठमोरी धावणारी, घोड्यावरची, वेणी उडवत जिना उतरणारी ही. समोरून बोलणारी ती, टोप घालून. शेवटच्या दृश्यात मात्र टोप चालणार नव्हता, खरी वेणीच हवी होती, आणि ती एकदाच कापता येणार होती. हे बाहेर फुटलं असतं तर मालकानं ज्वालाला घरी बसवलं असतं. म्हणून हिनं शब्द दिला. आणि आज ते चार केस प्रयोगशाळेत गेले असते, तर या वयात त्या बाईची सगळ्या गावासमोर शोभा झाली असती.

"चोरी नाही म्हणता येणार," सासूबाई म्हणाल्या. "वस्तू तुमचीच. पण ती परत आली नाही तर माझी लेक चोर ठरते. आणि परत आली तर तुमची मैत्रीण खोटी ठरते. काय करायचं ते तुम्ही सांगा. मी माझ्या तोंडून कुणाला सांगणार नाही."

आजींनी विणकाम बाजूला ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्याचा त्यांना राग आलेला दिसत होता.

"तुमच्या मुलीचं माझ्या ध्यानात नाही आलं," त्या म्हणाल्या. "ती पोरगी मला रोज वाकून बोलते. मी एवढंच पाहिलं, की भिंगवाले पेटीपाशी कात्री ठेवताहेत. हात आपोआप गेला. आता शब्द मी दिलाय. तो मोडायला मला जमणार नाही. जिला दिला तिनं परत केला, तर गोष्ट वेगळी."

बाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला.

६

ज्वालाबाई काठी टेकत आल्या. केस पांढरेशुभ्र, ओठांना लाली. दारातच त्या थांबल्या आणि खिडकीकडे बघून हसल्या. खिडकीतून तेवढंच हसू परत गेलं.

बायको पुढे झाली. सासूबाईंनी तिला बाजूला सारलं आणि ज्वालाबाईंच्या कानात एकच वाक्य सांगितलं, ते मी शेजारी असल्यानं ऐकलं: "वेणी सुखरूप आहे. जिची आहे तिच्या डोक्यावर."

ज्वालाबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं आता या कोसळतात, म्हणून मी हात पुढे केला. तर त्या हसत होत्या. अगदी खदखदून, काठी हलेपर्यंत.

"वेडी आहे ती," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून वेडी. मला वर घेऊन चला."

मंचावर भिंगवाले कात्री आणि पाकीट घेऊन तयार होते. रिकाम्या पेटीवर बायकोनं कापड टाकलं होतं. ज्वालाबाईंनी कापड उचललं, रिकामी पेटी सगळ्यांना दिसू दिली आणि लोकांची कुजबुज थांबेपर्यंत वाट पाहिली. थांबायचं कसं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"माझे केस कधीच लाल नव्हते," त्या म्हणाल्या. "भुरे होते, पातळ होते आणि टोपाखाली फार खाजायचे. तुम्ही ज्या केसांच्या प्रेमात पडलात ते माझ्या मैत्रिणीचे. तिनं ते माझ्यासाठी कापू दिले आणि पुढे तेवढे कधी वाढले नाहीत. मला बक्षिसं मिळाली, तिला खिडकी मिळाली. मी दर वर्षी ठरवायची, या वर्षी सांगीन. धीर झाला नाही. मला लाज वाटते त्याची." त्यांनी दाराकडे पाहिलं. "मिरचे, तुझा शब्द तुला परत. ये इकडे. आणि तो रुमाल काढ, उकडत असेल."

मिरची म्हणजे कोण हे बघायला सगळे वळले. तिकीटआजी दारात उभ्या होत्या. खिडकी सोडून त्या चारचौघांसमोर उभ्या राहिलेल्या मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या सावकाश चालत मंचापर्यंत आल्या आणि त्यांनी रुमालाची गाठ सोडली. पांढऱ्या केसांच्या इवल्याशा अंबाड्याभोवती गुंडाळलेली वेणी सुटली आणि थेट कमरेपर्यंत खाली आली. दिव्याखाली ती अशी काही लाल दिसली की लोक उभे राहिले. त्या काळी थिएटरात उभे राहायचे तसेच असणार.

भिंगवाल्यांनी खिशात हात घातला. सासूबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी हात रुमालासह बाहेर काढला आणि नाक पुसलं. कात्री मी उचलून माझ्या पेटीत टाकली.

बायको रडत होती, पण हे वेगळं रडणं होतं. तेवढ्यात तिला ती ओळ आठवली आणि ती दचकली. फोटोखालची ओळ चुकीची होती आणि तिच्यासमोरच दोघी म्हाताऱ्या जाऊन उभ्या राहिल्या होत्या. तिनं माफी मागितली, लगेच बदलते म्हणाली, दोघींची नावं मानानं घालते म्हणाली. ज्वालाबाईंनी काठीनं तिला अडवलं. ओळ त्या स्वतः सांगणार होत्या, शब्द न् शब्द. मिरचीनं नको नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही.

मी रंग आणला, शिडी आणली आणि या खेपेला काहीही पाडलं नाही. ती ओळ अजून तिथे आहे. येणारे लोक वाचतात, चक्रावतात आणि मग खिडकीत जाऊन आजींना विचारतात. आजी म्हणतात, आधी तिकीट काढा.

'आपल्या मूळच्या लाल केसांत मिरची (उजवीकडे). सोबत एक सहकारी.'